मुठीवरचे औंस आणि करारातील कलमे

सन १७२२ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रात एलिझाबेथ विल्किन्सन नावाच्या स्त्रीने एक जाहीर आव्हान दिले. हॅना हायफील्ड नामक दुसऱ्या स्त्रीशी तिची काही बोलाचाली झाली होती, आणि तिचा निकाल जाहीर मंचावर, तीन गिनी पणाला लावून, मुष्टियुद्धाने व्हावा असे तिचे म्हणणे होते. आव्हानात एक अट होती. दोघींनी प्रत्येक मुठीत अर्ध्या क्राउनचे नाणे धरायचे आणि जिच्या हातून नाणे प्रथम गळून पडेल ती हरली. वरवर विक्षिप्त भासणाऱ्या या अटीत चांगलेच व्यवहारज्ञान होते. मुठीत नाणे धरले की बोटे उघडता येत नाहीत. बोचकारणे, झिंज्या उपटणे, डोळ्यांत बोटे खुपसणे आपोआप बंद होते. त्या काळी हातमोजे नव्हते. हातमोज्यांचे काम त्या नाण्याने केले.

लढतीत इजा कोणत्या प्रकारची व किती व्हावी हे ठरविणारी अट आणि पैसा किती मिळावा हे ठरविणारी अट या दोन्ही अशा एकाच कागदावर आल्या. स्त्रियांच्या व्यावसायिक मुष्टियुद्धाची तीनशे वर्षांची कथा पाहू गेल्यास या दोन अटी आजही एकाच कागदावर नांदताना दिसतात. फरक इतकाच की, आज कागद लांबलचक असतो, तो वकील लिहितात, आणि त्यावर सही करणाऱ्या दोघींपैकी एकीला बहुधा त्यातील फारसे काही बदलता येत नाही.

सामान्य वाचकाला ग्लोव्हजचे ‘माप’ म्हटले की पायताणाचे किंवा सदऱ्याचे माप आठवेल. मुष्टियुद्धात तसे नाही. तेथे माप म्हणजे वजन, आणि ते औंसांत मोजतात. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांत ग्लोव्हज बेताच्या आकाराचे, उत्तम प्रतीचे आणि नवे असावेत एवढेच म्हटले होते. ‘बेताचे’ म्हणजे किती, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांवर सोपविला गेला. आज व्यावसायिक लढतींत सर्वसाधारण प्रघात असा आहे की, १४७ पौंडांपर्यंतच्या, म्हणजे वेल्टरवेट गटापर्यंतच्या खेळाडूंनी आठ औंसांचे आणि त्याहून जड खेळाडूंनी दहा औंसांचे ग्लोव्हज घालावेत. आठ औंस म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम, दहा औंस म्हणजे सुमारे २८३. दोहोंतील अंतर एका मध्यम आकाराच्या लिंबाएवढे. एवढ्या लिंबावरून वकिलांनी आठवडेच्या आठवडे घासाघीस करावी हे हास्यास्पद वाटेल. पण ते लिंबू ठोसा आणि गालफडे यांच्यामध्ये असते, हे विसरून चालत नाही.

शिवाय औंस सारखे म्हणून ग्लोव्ह सारखा, असेही नाही. मेक्सिकोत तयार होणाऱ्या क्लेटो रेयेस ग्लोव्हजमध्ये घोड्याच्या केसांचा भराव असतो. तो मुठीवर पातळ बसतो आणि ठोशाचा जोर समोर थेट पोचवितो, अशी या धंद्यात समजूत आहे. जपानच्या विनिंग कंपनीचे ग्लोव्हज मऊ व भरगच्च. ते मारणाऱ्याचा हात सांभाळतात आणि मार खाणाऱ्यालाही थोडा दिलासा देतात. अर्थात जिच्या ठोशात ताकद आहे ती पातळ ग्लोव्ह मागते, जी पदलालित्यावर व गुणांवर लढते ती जाड ग्लोव्हला राजी असते. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ग्लोव्हजचे साचे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या हातांवर बेतलेले आहेत. स्त्रीचा हात सरासरीने लहान. तोच आठ औंसांचा ग्लोव्ह तिच्या हातात सैल बसतो आणि ती मोकळी जागा पट्ट्या गुंडाळून भरावी लागते. म्हणजे नियमाच्या पुस्तकात समता, आणि प्रत्यक्षात हात मोज्याच्या आत डुगडुगतो आहे, असा प्रकार.

हे अस्तर किती मोलाचे आहे, याचा पुरावा पुरुषांच्या मुष्टियुद्धाने दिला आहे. १६ जून १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुईस रेस्टो याने बिली कॉलिन्स या तरुण, अपराजित खेळाडूला दहा फेऱ्या असे ठोकले की, त्याचे डोळे सुजून मिटले. लढतीनंतर कॉलिन्सच्या वडिलांनी रेस्टोचा हात हातात घेतला, तेव्हा ग्लोव्हमधील भराव काढून टाकला असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. कॉलिन्सची दृष्टी कायमची अधू झाली, तो पुन्हा कधी लढला नाही आणि पुढल्याच वर्षी एका मोटार अपघातात मरण पावला. १९८६ साली रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक यांना शिक्षा झाली. चोरून औंस काढणे हा गुन्हा ठरला, हे योग्यच झाले. परंतु कराराने, राजरोसपणे, उभयतांच्या संमतीने औंस कमी केले तर?

तेही घडलेले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदर आणि कॉनर मॅकग्रेगर यांची लास व्हेगासची लढत १५४ पौंडांच्या मर्यादेत होती. नेवाडा राज्याच्या नियमाप्रमाणे दहा औंसांचे ग्लोव्हज हवे होते. दोन्ही पक्षांनी आठ औंसांची मागणी केली, आणि रिंगणाच्या कडेला काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने विरोध नोंदविला असतानाही राज्याच्या आयोगाने एक वेळची सवलत म्हणून ती मान्य केली. मेवेदरची हमीची बिदागी दहा कोटी डॉलर, मॅकग्रेगरची तीन कोटी. आयोगाने पैशाकडे पाहून सवलत दिली असे म्हणण्यास आधार नाही. पण चार फेऱ्यांच्या नवख्या खेळाडूने असा अर्ज केला असता तर आयोगाची बैठक भरली असती काय, एवढा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

घासाघिशीचे गणित

दोनच पक्ष असलेल्या सौद्यात किंमत कोठे ठरेल, हे अर्थशास्त्राला बराच काळ सांगता येत नव्हते. बाजारात विक्रेते पुष्कळ, ग्राहक पुष्कळ, तेव्हा किंमत आपोआप एका जागी येते. दोघेच समोरासमोर असले की ती एका पट्ट्यात कोठेही स्थिरावू शकते, असे एजवर्थने १८८१ मध्येच दाखवून दिले होते. १९५० साली जॉन नॅशने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याच्या विवेचनाचे सार साध्या भाषेत असे: सौदा फिसकटला तर कोणाचे किती अडते, यावर सौद्यातील वाटा ठरतो. ज्याचे घरी बसून भागते तो अधिक मिळवितो. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे तो मिळेल त्यावर सही करतो. आपल्याकडील गरजवंताला अक्कल नसते ही म्हण थोडी कठोर आहे. गरजवंताला अक्कल असते, पण ती वापरण्याइतका वेळ नसतो.

मुष्टियुद्धात या गणिताला आणखी एक पीळ आहे. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये व्यावसायिक क्रीडेच्या अर्थव्यवहारावर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात जो लुई आणि माक्स श्मेलिंग यांचे उदाहरण दिले होते. कारखानदाराला प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर हवाच असतो. मुष्टियोद्ध्याचे मात्र प्रतिस्पर्धी दुबळा असेल तर नुकसान होते, कारण एकतर्फी लढत पाहण्यास कोण पैसे मोजणार? लुईला कमाई करायची तर श्मेलिंग तगडा हवा. तात्पर्य, समोरची व्यक्ती ही एकाच वेळी शत्रू आणि भागीदार असते. तालमीच्या भाषेत बोलायचे तर जोड चांगली लागली तरच फड भरतो. असे असताना फडाच्या उत्पन्नातील वाटणी समसमान व्हावी असे कोणाला वाटेल. तसे होत नाही. ज्याच्या नावावर तिकिटे खपतात तो पहिला पक्ष; दिवस, गाव, वजनाची मर्यादा, ग्लोव्हजचा कारखाना, रिंगणात कोणी शेवटी यायचे इथपर्यंत सारे तो ठरवितो. दुसऱ्या पक्षाला पैशाचा एक आकडा सांगितला जातो.

स्त्रियांच्या बाबतीत दुसऱ्या पक्षाची ही अवस्था दीर्घकाळ साऱ्याच स्त्रियांची होती. न्यूयॉर्क राज्याने स्त्रियांना मुष्टियुद्धाचे परवाने दिले ते १९७८ मध्ये, आणि तेही जॅकी टोनावांडासारख्या स्त्रियांनी न्यायालयाचे दार ठोठावल्यावर. तिच्याबरोबर परवाना मिळविणाऱ्या मारियन ट्रिमियारने १९८७ साली स्त्री-मुष्टियोद्ध्यांना बरे मानधन व मान्यता मिळावी म्हणून उपोषण केले. ज्या खेळात शरीराचे वजन हेच भांडवल, त्या खेळातील स्त्रीने अन्न सोडून न्याय मागावा, यापेक्षा तिच्या सौदाशक्तीचे नेमके मोजमाप कोणते असणार? ब्रिटनमध्ये तर १९९८ उजाडावे लागले. तेथील नियामक मंडळाने जेन काउच हिला परवाना नाकारताना मासिक पाळीच्या काळात स्त्रिया भावनावश होतात, इथपर्यंत युक्तिवाद केला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला, आणि मंडळाला परवाना द्यावा लागला.

मग १६ मार्च १९९६ ची लास व्हेगासची लढत. त्या रात्रीचे मुख्य आकर्षण माइक टायसन आणि फ्रँक ब्रूनो हे होते. आधीच्या लढतींत अमेरिकेची क्रिस्टी मार्टिन आणि आयर्लंडची डियर्ड्रे गोगार्टी या दोघींची सहा फेऱ्यांची लढत होती. गोगार्टी मूळची बरीच हलक्या वजनाची. तरी तिने मार्टिनचे नाक फोडले, आणि रक्ताने माखलेल्या चेहऱ्याने लढत राहिलेली मार्टिन एका रात्रीत अमेरिकाभर प्रसिद्ध झाली. मुख्य लढत लोक विसरले. मार्टिनला त्या रात्रीचे पंधरा हजार डॉलर मिळाले, गोगार्टीला तीन हजार.

हे दोन आकडे जरा निवांतपणे पाहण्यासारखे आहेत. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, काम जितके अप्रिय किंवा धोक्याचे तितकी त्याची मजुरी अधिक असते; धोक्याची भरपाई बाजार करतो. वर्गात विद्यार्थ्यांना हे तत्त्व सहज पटते, कारण ते न्याय्य वाटते. गोगार्टीचा धोका अधिक होता, तिचे शरीर लहान होते. स्मिथच्या तत्त्वानुसार पंधरा हजार तिचे असायला हवे होते. पण सौदाशक्तीच्या बाजारात पैसा आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने वाहतात. ज्याची बाजू वरचढ त्याला बिदागीही मोठी आणि ग्लोव्हही आपल्या पसंतीचा. ज्याची बाजू पडती त्याला दोन्ही कमी. धोक्याची भरपाई होत नाही, किंबहुना धोका पत्करण्याची तयारी हीच अगतिकतेची खूण समजून किंमत आणखी पाडली जाते. ग्लोव्हजचे कलम पैशाच्या कलमाशी जोडून वाटाघाटीला बसणे अनुचित का, याचे उत्तर येथे आहे.

टेलर आणि सेरानो

अलीकडच्या काळात चित्र पालटले, हे मान्य केले पाहिजे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धाला प्रथमच स्थान मिळाले. आपल्याकडील वाचकांना ते मेरी कोमच्या कांस्यपदकामुळे स्मरत असेल. त्याच स्पर्धेत आयर्लंडच्या केटी टेलरने साठ किलो गटाचे सुवर्णपदक जिंकले. २०१६ मध्ये ती व्यावसायिक झाली. तिच्यासमोर जोड म्हणून जिचे नाव घेतले जाई ती अमँडा सेरानो पोर्तो रिकोत जन्मलेली, ब्रुकलिनमध्ये वाढलेली. सेरानो डाव्या पवित्र्याची, आणि जबरदस्त ठोशाची. तिच्या नावावर तीसहून अधिक नॉकआउट आहेत. टेलरचे नॉकआउट अगदी थोडे. तिचे बळ वेग आणि अंदाज यांत.

२०२० मध्ये ही लढत ठरून फिसकटली. साथीचा काळ, प्रेक्षक नाहीत, आणि पैशावरून मतभेद. सेरानो बाजूला झाली. त्या वेळी ‘संधी सोडली’ म्हणून तिला नावे ठेवणारे पुष्कळ होते. नॅशचे गणित ठाऊक असणाऱ्याने ठेवली नसती. नाही म्हणता येणे हीच सौद्यातील खरी पुंजी असते, आणि या खेळात ती पुंजी फार थोड्या स्त्रियांपाशी आजवर जमली आहे. ३० एप्रिल २०२२ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघी उभ्या राहिल्या तेव्हा त्या वास्तूच्या इतिहासात प्रथमच स्त्रियांची लढत मुख्य लढत होती. तिकिटे संपली होती, प्रेक्षक एकोणीस हजारांवर होते, आणि दोघींच्याही बिदागीचा आकडा दहा लाख डॉलरच्या पुढे गेला होता. पंचांत मतभेद होऊन टेलर जिंकली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्ससला आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा न्यूयॉर्कला दोघी लढल्या. दोन्ही वेळा निकाल टेलरच्याच बाजूने गेला.

या तीन लढतींच्या वजनाच्या मर्यादा पाहिल्या की, सौदाशक्तीचा काटा कसा हलत गेला ते उघड होते. सेरानो मूळची १२६ पौंडांच्या गटातील विजेती. पहिल्या लढतीसाठी तिला १३५ पर्यंत चढावे लागले, दुसरीसाठी १४० च्या गटात. तिसरी लढतही १४० च्या गटातील पट्ट्यांसाठीच होती, पण करारात कमाल वजन १३६ पौंड लिहिले गेले. ते चार पौंड सेरानोने रिंगणात मिळविले नाहीत, टेबलावर मिळविले.

ग्लोव्हज, वजन आणि यांच्याच मालिकेतील तिसरी अट म्हणजे फेरीची लांबी. स्त्रियांच्या विजेतेपदाच्या लढती बहुशः दहा फेऱ्यांच्या, प्रत्येक फेरी दोन मिनिटांची. पुरुषांच्या बारा फेऱ्या, प्रत्येक तीन मिनिटांची. म्हणजे एकीकडे वीस मिनिटे, दुसरीकडे छत्तीस. दोन मिनिटांत प्रतिस्पर्ध्याला थकवून कोंडीत पकडावे तोवर घंटा वाजते, म्हणून नॉकआउट कमी. नॉकआउट कमी म्हणून प्रेक्षक कमी, आणि प्रेक्षक कमी म्हणून पैसा कमी, असे हे दुष्टचक्र सांगितले जाते. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑरलँडो येथे सेरानो आणि ब्राझीलची डॅनिला रामोस बारा फेऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या, लढल्या. तीन जागतिक संघटनांनी त्या लढतीस मान्यता दिली. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने सुरक्षिततेचे कारण सांगून ती नाकारली, आणि सेरानोने त्या संघटनेचा पट्टा सोडून दिला.

येथे युक्तिवाद थोडा अवघड होतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ग्लोव्हजचे अस्तर सौद्यातून काढा, कारण गरजवंत सुरक्षितता विकून बसेल, असे म्हणणाराने लांब फेऱ्यांची मागणी करणाऱ्या सेरानोच्या बाजूने कसे उभे राहावे? कौन्सिलचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. फुटबॉल व बास्केटबॉल यांसारख्या खेळांत मेंदूला हादरा बसण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत अधिक आढळले आहे. परंतु फेरीची लांबी ठरविताना स्त्रियांकडे एक जात म्हणून पाहिले गेले. हीच मंडळी काल त्यांना परवाना नाकारतानाही सुरक्षिततेचेच नाव घेत होती. शिवाय कौन्सिलने पुरुषांच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आणल्या त्या १९८२ साली दक्षिण कोरियाच्या दुक कू किमचा मृत्यू ओढवल्यानंतर, आणि त्या साऱ्या पुरुषांसाठी आणल्या. कोणा एका करारातील कलम म्हणून नव्हे. सुरक्षिततेची मर्यादा घालायची तर ती अशी, सर्वांना सारखी व वैद्यकीय पुराव्यावर उभी असावी. त्या मर्यादेच्या आत सेरानोला बारा फेऱ्या लढायच्या असतील तर तिला अडविणे हे संरक्षण नव्हे. ग्लोव्हजबाबतही तेच: किती औंस, कोणता भराव, लहान हातासाठी कोणता साचा, हे नियामकाने ठरवावे आणि दोघींच्या हातांत एकाच प्रतीचा माल द्यावा. मग दोन्ही वकिलांनी पैशावर मनसोक्त भांडावे.

कारण शिखरावरच्या दोघींचे कसेही भागेल. प्रश्न कार्यक्रमाच्या आरंभी, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या असताना लढणाऱ्या मुलींचा आहे. त्यांच्या करारात ग्लोव्हजचे स्वतंत्र कलम नसते. प्रमोटर जे ग्लोव्हज पेटीतून काढून देईल ते घालायचे. अमेरिकेत २००० साली झालेल्या महंमद अली यांच्या नावाच्या कायद्याने प्रमोटरला आपले उत्पन्न खेळाडूस उघड करणे भाग पाडले. पण उत्पन्न कळणे आणि त्यातील हिस्सा मागता येणे यांत अंतर आहे. २०२५ साली त्या कायद्यात भर घालणारे एक विधेयक अमेरिकी काँग्रेसपुढे आले. त्याच्या मूळ मसुद्यात प्रत्येक फेरीमागे किमान १५० डॉलरची तरतूद होती. चार फेऱ्यांची लढत म्हटली की सहाशे डॉलर. त्यातून रिवाजाप्रमाणे दहावा हिस्सा प्रशिक्षकाचा, व्यवस्थापक असल्यास त्याचा एक तृतीयांशापर्यंत, शिवाय वैद्यकीय तपासण्या आणि प्रवास. उरते ते तिचे.